अर्धा कोयता

निंबेखांड, ता. शेवगाव
१४ मार्च १९७१

दादा,

नमस्कार समोर आलो की वाकून करीन. आज वाकलो तर परत उठता येणार नाही.

मतदानाच्या पेट्या पोचवून घरी आलो, पाय धुतले, तर ओट्यावर शिरगणतीचा गठ्ठा येऊन पडलेला. शाळा, निवडणूक, आता ही माणसांची मोजदाद. मावशीचे तुम्ही थोरले, मला मास्तरकीत तुम्हीच ढकललंत, म्हणून तक्रारही तुमच्याकडेच.

गावात तीनशेच्या वर उंबरे. त्यातल्या निम्म्या दारांना बाभळीची काटी लावून माणसं ऊसतोडीला गेलीत, बरीचशी तुमच्या कोपरगावकडे. नियम तुम्हाला पाठच असेल: दहा ते एकतीस मार्च या दिवसांत जो एकदाही घरी आला नाही, त्याला घरी लिहायचं नाही, जिथे असेल तिथला मास्तर लिहील. म्हणजे माझं गाव कागदावर निम्मं उरणार. सरपंच रोज येऊन माझ्याकडे असं बघतो की जणू मीच माणसं पळवलीत.

जे उरलेत त्यांची गंमत वेगळी. अनुसूचित असेल तरच जात लिहायची, पण प्रत्येकजण आधी जात सांगतो आणि मग नाव. मातृभाषा विचारली की, "ही काय, तुमी बोलताय तीच!" गावाबाहेर पारध्यांची चार पालं आहेत. त्यांच्या म्हातारीने भाषेचं नाव सांगायला साफ नकार दिला. सांगितलं तर पोलीस येतात, म्हणाली. तिला चहा पाजून कसंबसं लिहिलं.

आता मुद्द्याचं. शाळेच्या मागे कडूबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिचा धाकटा मुलगा भीमा दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या सुरुंगात गेला. त्याची बायको चांगुणा, तेविशीची, आणि चार वर्षांची पोरगी छबू. थोरला रंगनाथ पलीकडच्या खणात राहतो आणि भीमाच्या वाटणीचं चार एकर रान तोच कसतो. चांगुणा या घरात आहे तोवर ते रान तिचं, असं गावाने तेव्हा ठरवून दिलंय. यंदा दाणे पुरेनात, म्हणून पोरगी सासूजवळ ठेवून ती पहिल्यांदाच तोडीला गेली. सूर्यभान मुकादमाची टोळी. दिवाळीपासून तिचा निरोप नाही.

सुनेला इथे लिहिता येत नाही म्हटल्यावर म्हातारी माझ्या वाटेत आडवी उभी राहिली. "मास्तर, ती हाय ना? का न्हाईच म्हंता? हाय, तर लिवा की!" तिला नियम कसा समजावू? मीच अर्धा समजलोय.

सूर्यभानाचा तळ तुमच्याच हद्दीत आहे असं कळतं. ती आपल्या दोघांच्या याद्यांच्या मधे सुटून जाऊ नये, म्हणून तिला लिहिलंत का तेवढं बघा. ती सुखरूप आहे की नाही, दोन ओळी टाका. म्हातारी रोज शाळेच्या खिडकीशी येऊन उभी राहते.

आसाराम


माळेवस्ती, ता. कोपरगाव
२२ मार्च १९७१

चि. आसाराम,

आशीर्वाद आहेतच. माझा उजवा गुडघा सुजून भोपळा झालाय, तोही हवा असेल तर पाठवतो.

एकावन्नची शिरगणती केली, एकसष्टची केली. माणशी एक चिठ्ठी भरायची, आणि आजवर माझी एकही चिठ्ठी चुकीची म्हणून परत आली नाही. तेव्हा तुझ्या कडूबाईला सांग, तिची सून हरवलेली नाही. लिहिली आहे, आणि स्वच्छ अक्षरात लिहिली आहे.

सूर्यभानाचा तळ कालव्याच्या चारीच्या कडेला आहे. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, त्यांना इथे कोप्या म्हणतात, बैलं, गाड्या आणि धूळ. तीन वेळा गेलो. पहाटे जावं तर माणसं फडात, दुपारी जावं तर गाड्यांबरोबर कारखान्यावर, आणि परतली की बोलण्याच्या लायकीची राहत नाहीत. तू घाटमाथ्यापासून गोदावरीपर्यंतची माणसं एका जागी बघायची म्हणत असशील तर इथे ये. वंजारी आहेत, मराठे आहेत, नदीकाठचे भिल्ल आहेत. नवबौद्धांच्या दोन घरांनी धर्म बौद्ध लिहा म्हणून मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि बरोबर केलं त्यांनी. एका मुसलमान गाडीवानाने भाषा मराठी सांगितली, बायकोने उर्दू, आणि मग दोघे माझ्यासमोरच भांडले. देश म्हणजे काय ते मला त्या तळावर समजलं, पण बसायला सावली नव्हती.

शेवटी मुकादमाच्या बाजेवर बसलो आणि त्याच्या वहीवरून काम उरकलं. चौतीस कोयते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे तुला माहीत असेलच. सतरावा कोयता: गोरक्षनाथ आणि त्याची बायको चांगुणा, वय तेवीस, निंबेखांड. लग्नाचं वय मुकादमाने अंदाजे सांगितलं, तेही भरलं.

तू तिला विधवा म्हणाला होतास, म्हणून क्षणभर थांबलो. मग लक्षात आलं की बाईने पाट लावला आहे. मी म्हणतो, फार चांगलं केलं. तेविशीच्या पोरीने जन्मभर पांढऱ्या कपाळाने का राहावं? म्हातारीला नीट समजावून सांग. रडली तर रडू दे, दोन दिवसांनी तिलाही पटेल. आपण शिक्षकांनी अशा गोष्टींच्या बाजूने उभं राहायला हवं.

राधाकृष्ण


निंबेखांड
२८ मार्च १९७१

दादा,

तुमचं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी आलं. खुशालीचं असणार अशा समजुतीने मी ते न वाचताच कडूबाईच्या ओट्यावर घेऊन गेलो आणि मोठ्याने वाचायला लागलो. तुमचं अक्षर इतकं सुरेख की कुठे अडखळायलाच होत नाही. सतराव्या कोयत्याचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं.

रंगनाथ तिथेच दोरखंड वळत बसला होता. हातातलं काम खाली ठेवून तो म्हणाला, "झालं तर मग. दुसऱ्याच्या घरात गेली. आता हितं तिचं काय बी न्हाई. रान आमचं, आन् पोरगी भीमाची, ती बी हितंच ऱ्हानार." आवाज चढवला नाही त्याने. मला त्याचीच भीती वाटली.

छबू कडूबाईच्या मांडीवर झोपली होती, म्हातारी तिच्या अंगावरच्या माश्या वारत राहिली.

दादा, तुम्ही चांगुणाला विचारलंत का? तिला स्वतःला? कोयता म्हणजे जोडी हे मलाही माहीत आहे. पण जोडी म्हणजे नवराबायकोच, हे कोणी सांगितलं? तिने खरंच पाट लावला असेल तर मी तुमच्याइतकाच तिच्या बाजूने उभा राहीन. नसेल, तर आपण दोघांनी बसल्याजागी तिची पोरगी हिरावून घेतलीय.

चिठ्ठीतला मजकूर कोणाला सांगायचा नाही, हा कायदा. तो मी विचारून मोडला, तुम्ही लिहून मोडलात. त्याबद्दल जे व्हायचं ते होवो. एक एप्रिलपासून फेरतपासणीचे तीन दिवस आहेत, तेव्हा गुडघा कसाही असो, तळावर जा. मुकादमाच्या बाजेवर बसू नका.

आसाराम


माळेवस्ती
३ एप्रिल १९७१

आसाराम,

परवा गेलो होतो. पाट लावलेला नाही. चूक माझी आहे, सगळी माझी.

चांगुणा कोपीपुढे बसून पायातली कुसळं काढत होती. मी कोण ते सांगितलं आणि काय लिहिलंय तेही सांगितलं. आधी तिला कळेचना. मग ती उभी राहिली.

"मी कुनाची बायकू हाय, हे तुमी मला सोडून मुकादमाला इचारलं?"

मी म्हणालो, वहीत जोडी होती.

"मुकादम बैलांची बी जोडी लावतो, मास्तर."

आसाराम, सव्वीस वर्षं मी पोरांना गप्प बसवत आलोय. परवा मी गप्प बसलो.

शेजारच्या कोपीतल्या बनुबाईने मग मला अडाण्याला सांगावं तसं सांगितलं. एकट्या बाईला मुकादम घेत नाही. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कोणालाच नको असतो. म्हणून दोन अर्धे जुळवून एक करतात. गोरक्षनाथ पाथर्डीकडचा, चाळिशीचा. त्याची बायको बाळंत होऊन घरी आहे. तो तोडतो, ही मोळ्या बांधते. तो त्याच्या गाडीखाली निजतो, ही बनुबाईजवळ. सगळ्या तळाला हे माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

गोरक्षनाथ मान खाली घालून म्हणाला, "माझी बायकू मालनबाई हाय, मास्तर. ही मला भैनीवानी." त्याच्याकडे मला बघवेना.

मी तिच्यादेखत चिठ्ठी दुरुस्त केली. विवाहित खोडून विधवा लिहिलं. तो शब्द लिहिताना तिने तोंड फिरवलं. मग म्हणाली, आता माझंही पत्र लिहा, मी सांगते तसंच. शब्द बदलला नाही. सोबत आहे.

"आत्याबाय, पाया पडते. मास्तरांनी न इचारता लिवलं हुतं, ते माझ्या म्होरं खोडलंय. मी बनुबाईच्या कोपीत ऱ्हाते. सांजच्याला भाकर तोंडात घालायला जीव ऱ्हात न्हाई, तर पाट कवा लावू? भावजींना म्हनावं, रान तुमी करा, पीक तुमी खावा, मी कवा आडवी आले न्हाई. पन छबू माझी हाय. तिला माझ्याबिगर ऱ्हायाची सवं लावू नगा. तिच्या डोक्यात उवा झाल्या आस्तील तर केस कापू नगा, मी आल्यावर काढीन. आखितीच्या आत येते. काय इचारायचं ते मला तोंडावर इचारा. कागदाला इचारू नगा."

हे सगळ्यांसमोर वाच. माझी चूक झाली हेही सगळ्यांसमोर सांग, माझं नाव घेऊन.

राधाकृष्ण


निंबेखांड
१२ एप्रिल १९७१

दादा,

वाचलं. तुमचं नाव घेऊन चूक सांगितली. रंगनाथ हसला. म्हणाला, "पयलं लिवलं ते खरं. मागनं आरडावरडा झाला की कुनी बी खोडतंय. आन् मास्तर मास्तराला सांभाळनारच."

दादा, त्याने स्वतः पाच हंगाम तोड केलीय. जोडी कशी लावतात हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्याला खरंखोटं बघायचंच नाही. त्याला चार एकर दिसतंय.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. तुमचं ते सतराव्या कोयत्याचं पत्र रंगनाथाकडे आहे. त्या दिवशी त्याने हात पुढे केला आणि मी देऊन टाकलं. त्याने मागून घेतलं, धमकी दिली, असं काही नाही. त्याचा चुलतभाऊ पंचायतीत, माझी बदली त्या भावाच्या शब्दावर होईल, एवढा विचार मनात आला आणि हात पुढे गेला. आता तुमच्या सुरेख अक्षरातला तो कागद तो खिशात घालून गावभर हिंडतोय. आणि ज्या चिठ्ठीवर खरं लिहिलंय, ती गठ्ठ्यात बांधून गेली. ती तुम्हालाही दाखवता यायची नाही, मलाही नाही. तसा कायदाच आहे.

वारसाच्या बाबतीत कायदा काय म्हणतो ते एखादा वकील सांगेल. पण वकील शेवगावला आणि रंगनाथ इथे.

कडूबाईने सुनेचं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, फक्त केसांचं वाचा. मी विचारलं, आजी, तुम्हाला काय वाटतं? म्हणाली, "मला काय वाटायचं? माझी सून मला ठाव न्हाई व्हय? पन मी भाकर रंगनाथाच्या चुलीवरची खाते, मास्तर."

मी पत्राची घडी करून तिच्या हातात दिली.

आसाराम


निंबेखांड
९ मे १९७१

दादा,

टोळी अखितीच्या दोन दिवस आधी परतली. चांगुणा गाडीतून उतरून तशीच घराकडे गेली. रंगनाथाने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ती ओट्याखाली बसून राहिली. छबूने आधी तिला ओळखलं नाही, दादा. सहा महिन्यांत एवढी काळी आणि वाळकी झालेली. मग ओळखलं, आणि मग तिला सोडेचना.

तिसऱ्या दिवशी चावडीपुढे माणसं बसली. रंगनाथाने खिशातून तुमचं पत्र काढलं आणि माझ्याच हातात दिलं. वाचा म्हणाला. मी वाचलं. पाट लावला ते फार चांगलं केलं, हेही वाचलं. लोक हसले. मग मी सांगितलं की हे चुकीचं आहे, नंतर दुरुस्त केलंय. कोणीतरी विचारलं, "मग दावा की दुरुस्त केल्यालं." ती चिठ्ठी तर गठ्ठ्यात गेलेली. गोरक्षनाथाला बोलवा म्हटलं, तर तो काय दुसरं सांगणार, म्हणाले. चांगुणाला कोणी काही विचारलंच नाही. ती "मला इचारा" म्हणून दोनदा उठली, तिला खाली बसवलं.

निवाडा झाला. रान रंगनाथाचं, आणि पोरगी बापाच्या घरी, आजीपाशी राहील.

तेव्हा कडूबाई उठली. चावडीपुढे ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "पोरगी आजीपाशी ऱ्हाईल, आसं समद्यांनी ठरवलं ना? पक्कं?" लोक म्हणाले, पक्कं. "मंग मी सुनंपाशी ऱ्हाते."

तिने छबूला काखेत घेतलं आणि चालू लागली. रंगनाथ मागून हाका मारत होता, आई, आई म्हणून. मला वाटतं तेवढ्यापुरता तो खराच होता. ती वळली नाही. तिघी आता गावकुसाजवळच्या एका पडक्या खोपटात राहतात. रान गेलं ते गेलंच. आता अंगावरच्या लुगड्यांवर दिवस काढायचे.

पेपरात आकडा आला, पाहिलात का? चोपन्न कोटींच्या वर. मी तो वर्गात फळ्यावर लिहिला. पोरांनी शून्यं मोजली. मला पुढे शिकवायचा कंटाळा आला, म्हणून त्यांना लवकर सोडलं.

आसाराम


माळेवस्ती
२८ नोव्हेंबर १९७१

चि. आसाराम,

सहा महिने तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. आता पाकिटावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागतं, ते लावून हे पाठवतोय. पूर्वेकडे म्हणे लाखो माणसं सीमा ओलांडून आलीत. त्यांना कोण लिहून घेत असेल, आणि कोणाला विचारून, हा विचार येतो.

सूर्यभानाची टोळी पुन्हा त्याच चारीवर उतरली. आपण होऊन गेलो. गेलो नसतो तर झोप लागली नसती.

फडात चांगुणा स्वतः कोयता चालवत होती. पुरुषासारखा, बुंध्याशी वाकून. तिच्या मागे मोळ्या बांधत होती एक म्हातारी, बसून, सरकत सरकत. मी कडूबाईला पूर्वी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. बांधावर पाचटात छबू उसाचं कांडं चघळत बसली होती. तिचे केस कापलेले नाहीत, घट्ट वेणी होती.

सूर्यभान म्हणाला, "दोघींचा मिळून आर्धाच कोयता धरलाय, मास्तर. म्हातारीला कोन न्हेतंय? पन ती गाडीतनं उतरंनाच." मी त्याला म्हणालो, दोन माणसं राबतात तर पूर्ण धर. तो म्हणाला, त्याची वही आहे, माझी नाही.

चांगुणाने मला पाहिलं आणि तोडत राहिली. तिने माझ्याशी बोलावं असं मी काही केलेलं नाही. मी बांधावर बसलो. कडूबाई पाणी प्यायला आली, तेव्हा मी सांगितलं की तो मास्तर मीच. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "गुडघा दुखतोय का?" मी हो म्हणालो. "माझं बी दुखत्यात." मग पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "ती मोजनी परत कवा?"

दहा वर्षांनी, म्हणालो.

"तवा मी नसंन. सुनंला नीट इचारून लिवा."

मी मान हलवली. पण तोवर मी घरी बसलेला असेन, आसाराम, तेव्हा हे काम तुला करायचं आहे.

राधाकृष्ण